कुकरची शिट्टी आणि हायडेलबर्गचा रमजान

जर्मनीतल्या आमच्या पहिल्या रमजानच्या चौथ्या दिवशी दाराखालून आत सरकवलेली एक चिठ्ठी मिळाली. सुवाच्य अक्षर, आदरार्थी भाषा. मोबाइलवर भाषांतर करून वाचली. मजकूर असा, की गेले तीन दिवस पहाटे साडेतीनला आपल्या स्वयंपाकघरातून एक विचित्र आवाज येतो, यंत्रात काही बिघाड तर नाही ना? खाली सही, खालच्या मजल्यावरच्या आजींची.

बिघाड कसला, माझा कुकर होता तो! सहरीच्या खिचडीच्या तीन शिट्ट्या.

मिरजेत सहरीच्या वेळी सगळा मोहल्ला जागा असतो. कोणी दार वाजवून उठवतं, मशिदीतून वेळ सांगितली जाते, समोरच्या घरात दिवा लागला की अम्मी म्हणायची, "बघ, त्यांचा चहासुद्धा झाला." शेजारच्या जोशीकाकू रोजा धरत नसत, पण महिनाभर त्यांची झोपही आमच्याबरोबरच मोडायची आणि त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. तिला 'नाख्टरूहे' म्हणतात. त्या शांततेत माझ्या तीन शिट्ट्या म्हणजे केवढा दंगा झाला असेल, याचा अंदाज मला चिठ्ठी वाचल्यावर आला.

हे 2022 सालचं. मिस्टरांना वाल्डॉर्फमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही जवळच्या हायडेलबर्गला बिऱ्हाड थाटलं. तिथे आमचे तीन रमजान झाले.

चिठ्ठी घेऊन मी खाली गेले. माझं जर्मन तेव्हा भाजी घेण्यापुरतं. 'फास्टन' म्हणजे उपवास, एवढा शब्द पाठ करून गेले होते. तो ऐकताच आजींचा चेहरा बदलला. "मीसुद्धा!" म्हणाल्या. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांत चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ असतो, आणि त्या काळात आजींनी चॉकलेट आणि वाइन सोडली होती. मग त्यांनी माझं विचारलं. सूर्यास्तापर्यंत काहीच नाही, असं सांगितल्यावर त्यांनी तो प्रश्न टाकला, जो पुढे तीन वर्षं मला ऑफिसात, बागेत, दवाखान्यात सगळीकडे भेटला. "निख्ट माल वासर?" पाणीसुद्धा नाही?

पाणीसुद्धा नाही. आजींनी मान हलवली. पण कुकरचं काय करायचं, ते शिल्लक राहिलंच. त्या दिवसापासून मी खिचडी रात्री नऊलाच लावून ठेवायला लागले.

तिथल्या आठवड्याची घडी बसायला मात्र वेळ लागला. रविवार हा विश्रांतीचा दिवस, हे त्यांच्या संविधानातच लिहिलेलं आहे. दुकानं बंद. काही बेकऱ्या सकाळी थोडा वेळ उघडतात, स्टेशनवरचं एखादं दुकान चालू असतं, बस. काचेच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा रविवारी पेटीत टाकायच्या नाहीत, खळखळाट होतो म्हणून. सुरुवातीला मी चिडायचे. इफ्तारला पाहुणे यायचे आणि दही संपलेलं. मग शनिवारी मॅनहाइम ठरून गेलं. ट्रेनने जवळच आहे. तिथे तुर्की दुकानांची मोठी वस्ती. रमजानात तिळाची गोल रोटी भट्टीतून निघत असते, तिच्यासाठी रांग लागते. आमच्याकडच्या रोटीपेक्षा मऊ असते, आणि घरी पोचेपर्यंत निम्मी संपते, पण ते रोजा नसलेल्या मुलीच्या हातून. तिथली सुलतान सलीम मशीद 1995 साली उघडली. तिच्या शेजारीच कॅथलिक चर्च आहे. रमजानचं वेळापत्रक आम्ही तिथूनच आणायचो आणि फ्रिजवर चिकटवायचो.

मे 2023 पासून तिथे 49 युरोचं महिन्याचं तिकीट सुरू झालं. वेगवान गाड्या सोडल्या, तर देशभरच्या साध्या ट्रेन, ट्राम आणि बस त्यावर चालतात. मग आमचे शनिवार-रविवार बाहेरच जायला लागले. स्पायरचं कॅथेड्रल पाहिलं, ब्लॅक फॉरेस्टमधले धबधबे पाहिले. रमजानात मात्र लांब जाणं होत नसे. संध्याकाळी नेकार नदीच्या काठाने फिरायचो. तिथल्या एका रस्त्याचं नाव 'इक्बाल-उफर' आहे. उफर म्हणजे काठ. 26 जानेवारीला शाळेत आपण सगळ्यांनी ज्यांचं 'तराना-ए-हिंदी' गायलं, तेच हे कवी इक्बाल. 1907 साली ते जर्मन शिकायला हायडेलबर्गला आले होते. ते राहायचे त्या घरावर पाटीही आहे. पहिल्यांदा ती पाटी पाहिली तेव्हा मी बराच वेळ तिथून हललेच नाही. एवढ्या मोठ्या माणसालासुद्धा इथे 'देर, दी, दास'चा घोळ घालावा लागला असेल, असं वाटून जरा धीर आला.

2024 चा रमजान आमचा तिथला शेवटचा. त्या वर्षी ईस्टर 31 मार्चला, म्हणजे ऐन रमजानात आला. गुड फ्रायडेला सुट्टी, ईस्टरच्या सोमवारी सुट्टी, मध्ये रविवार. गुरुवारी दुकानात अशी झुंबड, जशी आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी. आणि त्याच रविवारी घड्याळ बदलायचं होतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री दोनचे तीन करतात. फोन आपोआप बदलतो, भिंतीवरचं घड्याळ बदलत नाही. आम्ही सहरीला उठलो. भिंतीवर चार वाजून पाच मिनिटं. फ्रिजवरच्या कागदात वेळ सव्वापाचच्या आसपासची. तासभर आहे म्हणून मी निवांत पराठे लाटायला घेतले. पहिला तव्यावर पडला आणि मिस्टर फोन घेऊन धावत आले, "पाच वाजून गेलेत!" त्या दिवशी आमची सहरी म्हणजे अर्धा कच्चा पराठा, दोन खजूर आणि घटाघटा पाणी. संध्याकाळीही तीच गंमत. शनिवारी रोजा सातच्या जरा आधी सुटला होता, रविवारी आठच्या जरा आधी. रोजा काही तासाने वाढला नव्हता, पण पोटाला हे कोण समजावणार?

त्या दिवशी आम्ही श्वेट्झिंगनला गेलो. हायडेलबर्गहून दहाएक किलोमीटर. तिथल्या राजवाड्याच्या बागेत एक मशीद आहे. घुमट, दोन मिनार, समोर पाणी. कार्ल थिओडोर नावाच्या राजाने ती बांधून घेतली. काम 1779 साली सुरू झालं आणि पुढे बरीच वर्षं चाललं. वास्तुविशारद निकोला द पिगाज. बागेत जशी अपोलोची आणि मर्क्युरीची देवळं, तशीच हीसुद्धा. नमाजासाठी नाहीच, शोभेसाठी. त्या काळी युरोपातल्या राजेरजवाड्यांना तुर्की गोष्टींची फार हौस होती. भिंतींवर अरबी वचनं आहेत, शेजारी जर्मन भाषांतर. अरबी लिहिताना कारागिरांच्या चुका झाल्यात. बिचाऱ्यांना ती लिपी वाचता कुठे येत होती!

दाराशी मुलीने सवयीने बूट काढले. तिथल्या रखवालदाराने हसून सांगितलं, "राहू देत, घालून जा." ती गोंधळली. सगळे बूट घालून आत जात होते. शेवटी तिने बूट हातात धरले आणि मोज्यांवर सगळी मशीद फिरली. ना वजूखाना, ना चटई. घुमटाखाली पर्यटक माना वर करून फोटो काढत होते. 1870-71 च्या युद्धात पकडलेले उत्तर आफ्रिकेतले मुसलमान सैनिक इथल्या इस्पितळात होते, ते या मशिदीत यायचे, असं तिथे कळलं. घरापासून इतक्या लांब, जखमी, कैदेत, आणि बागेत अचानक मिनार! त्यांना काय वाटलं असेल, तेच दिवसभर डोक्यात राहिलं. अस्रची नमाज आम्ही बाहेर, बाजूला गवतावर जॅकेट अंथरून पढलो. जवळ चेरीचा बगीचा फुलला होता. कोणी काही म्हणालं नाही. एक कुत्रं तेवढं येऊन वास घेऊन गेलं.

घरी आलो तर दाराशी छोटी टोपली. रंगवलेली अंडी, चॉकलेटचा ससा आणि चिठ्ठी. आजींचा उपवास संपला होता. मजकूर एकाच ओळीचा होता: 'तुमचे अजून किती दिवस?'

दहा एप्रिलला ईद झाली. शीरखुर्म्याचा मोठा वाडगा खाली दिला. दुसऱ्या दिवशी आजींनी तो लख्ख घासून परत आणला, रिकामा. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान साखर तरी घालतात, पण त्यांना ते कुठून माहीत असणार? दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "या वर्षी पहाटे एकदाही आवाज आला नाही. यंत्र विकलंत का?"

मी कुकर आणून दाखवला. त्यांनी शिट्टी काढून हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि वाजवून दाखव म्हणाल्या. दुपारचे बारा वाजले होते. मी डाळ लावली. पहिल्या शिट्टीला त्या दचकल्या, दुसरीला हसल्या, तिसरी होईपर्यंत थांबल्या.

आता मिरजेत पहाटे चारला मोहल्लाभर कुकर वाजतात. माझा पहिल्या शिट्टीच्या बेतात आला, की अजूनही माझा हात गॅस बारीक करायला जातो.