डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्याने कृष्णधवल छायाचित्रण

रेंजफाइंडर म्हणजे अंतरमापक. अंतरमापकाच्या साहाय्याने फोकस साधणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याने दृश्य टिपून ते काळा, पांढरा आणि त्यांच्यामधील करड्या छटांत सिद्ध करणे, असे या छायाचित्रणपद्धतीचे स्वरूप आहे. दृश्यातील कोणत्या रंगाला करड्याची कोणती छटा द्यावी, हा या पद्धतीतील मध्यवर्ती प्रश्न होय. रंगीत संवेदक असलेल्या कॅमेऱ्यात हा निर्णय संपादनापर्यंत लांबणीवर टाकता येतो. केवळ कृष्णधवल संवेदक असलेल्या कॅमेऱ्यात तो छायाचित्र टिपण्यापूर्वीच घ्यावा लागतो.

रचना व कार्य

या कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून न पाहता वरच्या बाजूस असलेल्या स्वतंत्र दृश्यदर्शकातून पाहतो. दृश्यदर्शकाच्या मध्यभागी एका लहान चौकटीत त्याच दृश्याची दुसरी प्रतिमा दिसते. ती काही अंतरावरील दुसऱ्या खिडकीतून येते. भिंगाचे कडे फिरवले की ही प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत जुळल्या म्हणजे त्या अंतरावरील वस्तूवर फोकस साधला गेला असे समजतात.

इतिहास

भिंगाशी जोडलेला अंतरमापक अंगभूत असलेला ‘लायका २’ हा कॅमेरा वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीने १९३२ मध्ये आणला. १९५४ च्या ‘लायका एम३’मध्ये दृश्यदर्शक व अंतरमापक एकाच खिडकीत आले. विक्रीस आलेला पहिला डिजिटल रेंजफाइंडर म्हणजे ‘एप्सन आर-डी१’ (२००४). त्यानंतर ‘लायका एम८’ (२००६) आणि २४ × ३६ मिलिमीटर आकाराचा संवेदक असलेला ‘लायका एम९’ (२००९) हे कॅमेरे आले. २०१२ मध्ये लायकाने केवळ कृष्णधवल छायाचित्रे टिपणारा, १८ मेगापिक्सेलचा ‘एम मोनोक्रोम’ सादर केला.

रंगातून करड्याकडे

संवेदकाला स्वतःला रंग कळत नाही. त्याला केवळ प्रकाशाची तीव्रता मोजता येते. म्हणून बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत प्रत्येक पिक्सेलवर तांबडा, हिरवा किंवा निळा सूक्ष्म फिल्टर बसवलेला असतो. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे एकस्व १९७६ मध्ये मिळाले. तीत निम्मे फिल्टर हिरवे असतात. प्रत्येक पिक्सेलवर न मोजलेले उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अनुमानाने काढले जातात. कृष्णधवल संवेदकावर हे फिल्टर नसतात. त्यामुळे अनुमानाची गरज उरत नाही, सूक्ष्म तपशील अधिक स्पष्ट येतो आणि मंद प्रकाशात प्रतिमा अधिक स्वच्छ मिळते.

रंगाचे करड्यात रूपांतर करण्याच्या एका प्रचलित सूत्रात तांबड्याचा वाटा २९.९ टक्के, हिरव्याचा ५८.७ टक्के आणि निळ्याचा ११.४ टक्के धरतात. ० ते २५५ या मोजपट्टीवर फुलाची तांबडी छटा २००, ४०, ४० आणि पानाची हिरवी छटा ६०, ११०, ५० आहे असे समजू. सूत्रानुसार दोन्हींचे उत्तर सुमारे ८८ येते. डोळ्यांना सहज वेगळे दिसणारे फूल आणि पान कृष्णधवल चित्रात एकाच करड्या छटेत मिसळून जातात. मात्र केवळ तांबड्याची नोंद घेतली तर फूल २०० आणि पान ६० होते, म्हणजे फूल उजळते. केवळ हिरव्याची घेतली तर फूल ४० आणि पान ११० होते, म्हणजे पान उजळते. दृश्य तेच असूनही चित्राचा विषय बदलतो.

छायाचित्र टिपताना

रंगीत संवेदकाच्या कॅमेऱ्यात रॉ आणि जेपेग या दोन्ही स्वरूपांत नोंद करून जेपेग कृष्णधवल ठेवणे सोयीचे असते. मागच्या पडद्यावर करडे चित्र दिसते आणि रॉ फाइलमध्ये सर्व रंग सुरक्षित राहतात. कृष्णधवल संवेदकासाठी भिंगावर रंगीत फिल्टर लावतात. पिवळा फिल्टर निळे आकाश थोडे गडद करतो, तांबडा अतिशय गडद करतो आणि हिरवा पानांना उजळवतो. फिल्टर भिंगावर असल्यामुळे दृश्यदर्शकातील दृश्य मात्र रंगत नाही.

अतिप्रकाशाने पांढरा पडलेला भाग ही येथील मोठी जोखीम आहे. रंगीत संवेदकात तीनपैकी एखाद्या रंगाची नोंद शाबूत राहिल्यास हरवलेला तपशील अंशतः परत मिळू शकतो. कृष्णधवल संवेदकात तशी सोय नसते. त्यामुळे उजळ भाग सांभाळून किंचित कमी प्रकाशात छायाचित्र घेतात व सावल्या संपादनात उजळवतात.

वेगाने बदलणाऱ्या दृश्यांसाठी फोकस आधीच निश्चित करून ठेवता येतो. ३५ मिलिमीटरचे भिंग एफ/८ वर ठेवून ३ मीटरवर फोकस केल्यास सुमारे १.९ ते ७ मीटरपर्यंतचे दृश्य पुरेसे स्पष्ट येते.

संपादन

प्रथम चौकट सरळ करून उजळ व गडद टोके तपासतात. रंगीत फाइल असल्यास त्यानंतर प्रत्येक रंगाची करडी छटा ठरवतात. आकाशातील निळा रंग फार गडद केल्यास त्यात खरखर उमटते आणि इमारतींच्या कडांना पांढरी किनार दिसू लागते. पुढच्या टप्प्यात एकूण विरोधछटा ठरवून चेहरा, हात यांसारखे निवडक भाग थोडे उजळ किंवा गडद करतात. हे काम अंधारखोलीतही हाताने केले जात असे. कागदावर सावल्या पडद्यापेक्षा अधिक दाट दिसू शकतात. म्हणून अंतिम प्रतीपूर्वी एक लहान चाचणीप्रत काढणे इष्ट असते.

मर्यादा व संकेत

भिंगातून पाहता येत नसल्याने अगदी जवळच्या वस्तू व लांब पल्ल्याची भिंगे यांसाठी हा कॅमेरा सोयीचा नाही. अंतरमापकाची जुळणी बिघडल्यास दृश्यदर्शकात जुळलेले चित्रही प्रत्यक्षात अस्पष्ट येते.

वृत्तछायाचित्रणात छटा बदलणे आणि आशय बदलणे यांत भेद केला जातो. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतील एक पारितोषिकप्राप्त छायाचित्र अपात्र ठरले. मूळ चित्र मोठ्या प्रमाणात कातरून कृष्णधवल केलेले होते. तथापि अपात्रतेचे कारण ते नव्हते. चित्रातील एका व्यक्तीच्या पायाचा छोटासा भाग पुसून टाकला होता, हे कारण होते. करड्या छटेची निवड हा छायाचित्रकाराचा अधिकार मानला जातो; कॅमेऱ्यासमोर जे होते ते नाहीसे करण्याचा अधिकार मात्र वृत्तछायाचित्रकाराला नसतो.