तरंगत्या पुलापलीकडचे बेट

एखाद्या गावाची ओळख करून घ्यावयाची, तर आपल्याकडे पूर्वी पाणवठा, पार आणि बाजार ही तीन ठिकाणे पाहिली की पुरत असे. गावात लक्ष्मी किती आहे हे वाड्यांच्या दरवाजांवरून कळे. पण गाव एकमेकांशी कसे नांदते, हे मात्र या तीन ठिकाणीच कळे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन राज्य आहे. तेथील वॉशिंग्टन याच नावाच्या सरोवरात मर्सर नावाचे एक बेट आहे. धनिकांचे बेट अशी त्याची ख्याती. वाचकहो, तेथेही आपण हीच जुनी कसोटी लावून पाहू या.

बेटाच्या पश्चिमेस सिएटल हे मोठे बंदर, पूर्वेस बेलव्ह्यू हे नव्या उद्योगांचे शहर. बेलव्ह्यू आणि त्याच्या शेजारचे रेडमंड येथे संगणक-व्यवसायामुळे अनेक भारतीय कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांत मराठी घरेही आहेत. मुलाकडे वा मुलीकडे चार-सहा महिने राहावयास गेलेले आईवडील मोटारीतून सिएटलला निघाले, की वाटेत हे बेट लागते. दहा मिनिटांत ते मागेही पडते. म्हणून ते नुसते ओलांडू नये, थोडे उतरून पाहावे. लांबी सुमारे पाच मैल, रुंदी सुमारे दोन मैल आणि २०२०च्या जनगणनेप्रमाणे वस्ती २५,७४८. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढीच.

प्रथम रस्त्याचाच विचार करू. हे सरोवर दोनशे फुटांहून अधिक खोल असून त्याचा तळ मऊ गाळाचा आहे. अशा तळावर पुलाचे खांब उभारणे फार खर्चाचे. त्यावर होमर हॅडली या अभियंत्याने १९२१ मध्येच एक कल्पना सुचविली होती : पूल पाण्यावर तरंगताच का असू नये? सिमेंट-काँक्रीटच्या पोकळ, प्रचंड पेट्या एकमेकींना जोडावयाच्या, तळाशी नांगरावयाच्या आणि त्यांच्या पाठीवरून रस्ता न्यावयाचा. लोकांनी प्रथम शंका घेतली. पण लेसी मरो हे राज्याचे महामार्ग-संचालक असताना ती कल्पना साकार झाली आणि २ जुलै १९४० रोजी पूल वाहतुकीस खुला झाला. तोवर सिएटलला जावयाचे तर नावेची वाट पाहावी लागे. पूर्वेकडील अरुंद पाण्यावर लाकडी पूल १९२०नंतरच्या दशकात झाला होता, पण त्या वाटेने शहर लांब पडे.

आज ज्या घरांना लाखोंचे मोल आहे, त्यांच्या मोलाचे मूळ या सार्वजनिक पुलात आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आरंभी पुलावर पथकर होता; १९४९ मध्ये तो उठला आणि पुढील वर्षांत बेटावर घरे झपाट्याने वाढली. २५ नोव्हेंबर १९९० रोजी, दुरुस्ती चालू असताना, वादळात पोकळ पेट्यांमध्ये पाणी साचून या जुन्या पुलाचा बराच भाग बुडाला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. शेजारचा दुसरा तरंगता पूल आदल्याच वर्षी पुरा झाला होता, त्यामुळे वाटही खुंटली नाही. बुडालेला पूल १९९३ मध्ये पुन्हा उभा राहिला. पहिल्या पुलास मरो यांचे, तर दुसऱ्यास हॅडली यांचे नाव आहे.

आता बेटावर उतरू. उत्तरेकडील सखल भागात बाजारपेठ आहे. येथे दुकाने, उपाहारगृहे आणि अनेक मजली भाड्याच्या इमारती दिसतील. नवी जोडपी आणि एकटे राहणारे वृद्ध येथे अधिक. उन्हाळ्यात रविवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो. १९६० मध्ये या बेटावर दोन नगरपालिका स्थापन झाल्या : एक बाजारपेठेच्या चिमुकल्या भागाची, दुसरी सभोवतालच्या साऱ्या बेटाची! दहा वर्षे हा द्वैताचा संसार चालला आणि १९७० मध्ये दोन्ही एक झाल्या. बाजार आणि घरे यांना एकमेकांवाचून चालत नाही, हे शहाणपण थोडे उशिरा का होईना, पण आले.

बाजारपेठेच्या पश्चिमेस ‘फर्स्ट हिल’ ही टेकडी. येथील जुने भूखंड लहान, घरे जवळजवळ. याच भागातून महामार्ग रुंद करावयाचा सरकारी बेत होता. बेट दुभंगेल, गोंगाट आणि धूर घरात शिरेल, म्हणून रहिवाशांनी हरकत घेतली. ऑब्रे डेव्हिस हे त्या काळात येथील महापौर होते. बरीच वर्षे वाटाघाटी होऊन १९७६ मध्ये राज्य आणि आसपासची शहरे यांच्यात करार झाला. रस्ता मूळ बेतापेक्षा अरुंद केला गेला. तो खोलातून नेऊन त्याच्या सुमारे अर्ध्या मैलाच्या भागावर छत घालण्यात आले आणि छतावर माती टाकून उद्यान केले. आज खालून हजारो मोटारी धावतात आणि वर मुले चेंडू खेळतात. उद्यानास डेव्हिस यांचे नाव दिले आहे.

टेकडी उतरून वायव्य किनाऱ्यावर आले, की ‘ईस्ट सिएटल’ ही बेटावरची सर्वांत जुनी वस्ती लागते. सन १८९० च्या सुमारास कॅल्किन्स नावाच्या एका उद्योजकाने येथे भव्य हॉटेल बांधून नगर वसविण्याचा घाट घातला होता. नगर फुलले नाही. हॉटेल १९०८ मध्ये आगीत भस्मसात झाले. नावेच्या धक्क्याजवळ १९१४ मध्ये बांधलेले ‘रोआनोक इन’ मात्र टिकून आहे. ईशान्येकडे लूथर बरबँक उद्यान आहे. त्याचे क्षेत्र ७७ एकर. पूर्वी येथे मुलांची निवासी शाळा होती. मुले गाई सांभाळीत, भाजी पिकवीत. गोठ्याचे अवशेष आणि विटांची इमारत अजून उभी आहे. या जागेवर बंगले उठले असते, तर विकणाऱ्याला अमाप पैसा मिळाला असता. आता तेथे कोणीही पोहावे, कोणीही बसावे.

बेटाच्या मधोमध कण्यासारखा ‘आयलंड क्रेस्ट’ रस्ता दक्षिणेकडे जातो. त्याच्या दोहो बाजूंस १९५० ते १९७० या काळात वसलेल्या शांत आळ्या आहेत. शाळा, मैदाने आणि ठेंगणी घरे. दक्षिण भागात ‘पायोनियर पार्क’ हे सुमारे ११३ एकरांचे वन राखले आहे. कण्यावरून दोन्ही किनाऱ्यांकडे उतरणी आणि घळी आहेत. त्यांतून वळसे घेत पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन रस्ते बेटाला प्रदक्षिणा घालतात. या उतारांवरील घरांतून देखावा अप्रतिम दिसतो, पण जमीन भरवशाची नाही. सुमारे अकराशे वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपात येथील कडे ढासळले आणि त्यांवरील रानेच्या राने सरोवरात घसरली. ते वृक्ष अजून पाण्याखाली आहेत. डुवामिश या मूळ लोकांना हे बेट त्याहीपूर्वीपासून परिचित होते. ते मासे आणि फळे यांसाठी येथे येत.

किनाऱ्यावरील घरे मात्र रस्त्यावरून फारशी दिसत नाहीत. उंच कुंपणे, बंद फाटके, खाली वळणारी वाट. ‘मायक्रोसॉफ्ट’चे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन (१९५३–२०१८) यांचे निवासस्थान याच बेटाच्या किनाऱ्यावर होते. बंगल्यांच्या या रांगेत अधूनमधून एखादा रस्ता थेट पाण्यापर्यंत जातो आणि तेथे ‘लँडिंग’ अशी पाटी आढळते. या जुन्या नावांच्या धक्क्यांच्या जागा होत. आता त्या छोट्या सार्वजनिक बागा झाल्या आहेत. पाहुण्याने बंद फाटकांकडे न पाहता या पाट्या शोधाव्यात. बेटाचे पाणवठे ते हेच.

आणि पाणी? एकोणीसशे पन्नासनंतरच्या दशकात सभोवतालच्या गावांचे सांडपाणी, प्रक्रिया करूनही, या सरोवरात सोडले जाई. १९५५ मध्ये त्यात एका प्रकारचे शेवाळ वाढू लागल्याचे आढळले आणि वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक एडमंडसन यांनी त्याचा अर्थ स्पष्ट करून सांगितला : सांडपाण्यातील स्फुरद हे शेवाळाचे खत होय. हा प्रश्न एका गावाने सुटणारा नव्हता. १९५८ मध्ये मतदारांनी, आधी एकदा नाकारलेली, एक सामायिक संस्था मंजूर केली. स्वतःवर खर्चाचा भार घेतला. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी सरोवरापासून दूर वळविण्यात आले आणि थोड्याच वर्षांत पाणी पुन्हा नितळ झाले. पिण्याचे पाणी तर बेटाला सिएटलच्या डोंगरातील साठ्यातून नळाने येते. २०२४ मध्ये मुख्य नळ गळू लागला, तेव्हा चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या या संपन्न वस्तीस काटकसरीने पाणी वापरावे लागले.

या साऱ्यातून एकच गोष्ट ठळकपणे दिसते. हे बेट एकांतासाठी प्रसिद्ध आहे. पण त्याचा रस्ता, त्याचे पाणी, त्याची शांतता, यांतील काहीही एकट्याच्या बळावर मिळालेले नाही. मग एक अवघड प्रश्न उरतो. येथील शाळेत शिकविणारी शिक्षिका, दवाखान्यातील परिचारिका, दुकानातील मुलगा यांना या बेटावर घर घेता येईल काय? स्वतंत्र घर दहा लाख डॉलरच्या आत मिळणे येथे दुर्मीळ झाले आहे, आणि म्हणून अशी पुष्कळ माणसे रोज पूल ओलांडून कामाला येतात. वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये कायदा करून, जेथे पूर्वी एका भूखंडावर एकच घर बांधता येई, अशा शहरांतही एकाहून अधिक बिऱ्हाडांची घरे होऊ द्यावीत असे ठरविले. आळीचे रूप बदलेल, झाडे जातील, गर्दी होईल, अशी भीती जुन्या रहिवाशांना वाटते. ती अगदीच निराधार नाही. पण रस्त्यावर छत घालून ज्यांनी घर आणि वाहतूक दोन्ही सांभाळले, त्यांना हाही मार्ग सापडू शकेल.

तेव्हा वाचकहो, आपल्यापैकी कोणी त्या बाजूस गेलाच, तर किमती विचारण्याच्या भरीस पडू नये. बाजारात रविवारी एक फेरी मारावी, छतावरील उद्यानात बसावे आणि एखाद्या लँडिंगवर जाऊन पाण्यात पाय सोडावेत. आणि जे कधी जाणार नाहीत, त्यांनी आपल्याच गावच्या तळ्याकाठी जाऊन पाहावे : काठावर घर कोणाचे, आणि पाण्यापर्यंत वाट कोणाची? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सातबाऱ्यावर मिळते. दुसऱ्याचे उत्तर गावाने मिळून द्यावयाचे असते.