वेदना कोठे उत्पन्न होते?

जळगाव-धुळ्याकडील आपले उपासक 'वेदना' हा शब्द दुखणे या अर्थी योजतात. पालीत त्याचा अर्थ अधिक व्यापक आहे. सुखद, दुःखद आणि अदुःखमसुख या तिन्ही अनुभवांस तेथे वेदना म्हटले आहे. इंद्रिय, विषय व विज्ञान यांचा संयोग म्हणजे 'फस्स', आणि त्यातून वेदना उद्भवते. शरीरशास्त्र या उद्भवाची उकल कशी करते, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

कापूस वेचताना वाळल्या बोंडाचे टोक उजव्या हाताच्या बोटात रुतते. त्वचेतील मज्जातंतूंची टोके त्या आघाताचे विद्युत्-संदेशात रूपांतर करतात. हा संदेश मज्जारज्जूत बाजू ओलांडून थॅलॅमसमार्गे मेंदूच्या डाव्या अर्धात पोहोचतो. जलद तंतू सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर, तर मंद तंतू जेमतेम अर्धा ते २ मीटर वेगाने संदेश नेतात. म्हणूनच आधी टोचणी व मागाहून ठणका जाणवतो.

मेंदूच्या आवरणावर शरीराचा जणू नकाशाच असतो. त्यात पाठीपेक्षा बोटांना व ओठांना कितीतरी अधिक जागा असते. संदेश कोणत्या वाटेने आला यावरून मेंदू वेदनेचे स्थान ठरवतो. हे अनुमान कधी चुकते. पाय गमावलेल्या माणसाला नसलेल्या अंगठ्यात कळ जाणवते. हृदयाचे व डाव्या हाताचे काही तंतू मज्जारज्जूच्या एकाच भागात येतात, म्हणून हृदयविकाराची कळ हातात उमटते. उलट, मधुमेहाने पायाचे तंतू निकामी झाले की जखम असूनही वेदना नसते.

संयुत्तनिकायातील सल्लसुत्तात दोन बाणांचा दृष्टान्त आहे. टोचणी आणि ठणका म्हणजे ते दोन बाण नव्हेत. दोन्ही पहिल्याच बाणात मोडतात. दुसरा बाण म्हणजे मनाचा शोक व आक्रोश. तो टाळावा, हा या सुत्ताचा उपदेश आहे. पहिल्या बाणावर उपचार करू नये, असे त्यात कोठेही सुचविलेले नाही. विनयपिटकाच्या महावग्गात तर आजारी भिक्खूंच्या औषधांसाठी स्वतंत्र खंधक आहे.

यास्तव आमचे सांगणे स्पष्ट आहे. ध्यानात छातीवर दाब, घाम आणि हातात कळ जाणवल्यास 'वेदना अनित्य आहे' म्हणून बसून राहू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेही उपासकांनी आपले तळवे रोज डोळ्यांनी तपासावेत. वेदनेला यथार्थ जाणणे म्हणजे तिची कारणेही जाणणे होय.