आतड्याची कसोटी

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं खाली येतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. हिवाळ्यात तिखट-आंबट मसाला भुरभुरलेले गराडू, मग भुट्टे का कीस, आणि शेवटी पाव किलोच्या पुढे भरणारा जलेबा. शुगर असलेली मंडळी तिथेही येतात. गोड सोडवत नाही, म्हणून चहात गोळी टाकतात. जिभेचं समाधान होतं. पण जेवणाला पुरे म्हणायचं की नाही, हे जीभ ठरवतच नाही!

अशा गोळ्यांपैकी कित्येकांत सुक्रालोज असतं. त्याचा गोडवा पहिल्यांदा कळला तो मराठी आडनावाच्या एका संशोधकाला. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात शशिकांत फडणीस साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडून तयार केलेल्या पदार्थांवर काम करत होते. तिथले प्राध्यापक लेस्ली हफ यांनी एक पदार्थ तपासायला सांगितला. फडणीसांना ऐकू आलं, चाखा. इंग्रजीत ते दोन शब्द कानाला अगदी जवळचे. त्यांनी चाखला. साखरेच्या सुमारे ६०० पट गोड! प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालू नये हा नियम आपण शाळेत शिकतो, आणि एवढा मोठा धंदा तो मोडल्यामुळे उभा राहिला.

गंमत पुढे आहे. गोड ओळखणारे ग्राही जिभेवर असतात, तसेच आतड्यातही असतात. मग सुक्रालोज आतड्यात पोचल्यावर तिथेही साखर आल्याची वर्दी जायला हवी. माणसांवरच्या प्रयोगात ते थेट लहान आतड्यात सोडून पाहिलं, तर जीएलपी-१ हे तृप्तीचं संप्रेरक काही वाढलं नाही. कारण ते सोडणाऱ्या पेशी नुसत्या गोडव्यावर विसंबत नाहीत. ग्लुकोज सोडियमच्या जोडीनं एका वाहक प्रथिनातून पेशीत शिरतं, आणि त्या शिरण्यानं जीएलपी-१ सुटतं. (जुलाबात आपण मीठ-साखरेचं पाणी पाजतो, ते याच वाहकाच्या भरवशावर.) सुक्रालोज त्यातून आत जातच नाही, बरंचसं जसंच्या तसं शरीराबाहेर पडतं. सराफ जसा पिवळा रंग पाहून भाव सांगत नाही, कसाला लावतो, तसं आतडं वागतं.

सुटलेलं जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं, तेवढ्यात स्वादुपिंड, जठर आणि मेंदूपर्यंत निरोप पोचतो. वजन उतरवणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं म्हणजे याच संप्रेरकाची आठवडाभर टिकणारी नक्कल.

२०२५ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटानं ७५ जणांना वेगवेगळ्या दिवशी साखरेचं पाणी, सुक्रालोजचं पाणी आणि साधं पाणी दिलं. साखरेनंतर रक्तातलं ग्लुकोज आणि जीएलपी-१ वाढलं. सुक्रालोजनंतर ते वाढलं नाही. उलट भूक सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसकडचा रक्तप्रवाह वाढला, आणि साखरेच्या तुलनेत भूकही जास्त लागली. पण साध्या पाण्यानंतरची भूक आणि सुक्रालोजनंतरची भूक यांत फारसा फरक नव्हता. माझ्या मते बातम्यांत हरवलेला महत्त्वाचा मुद्दा हाच. सुक्रालोज भूक पेटवतं असं यातून सिद्ध होत नाही. ते भूक विझवत नाही, एवढं नक्की. शिवाय हा काही तासांचा हिशेब. वर्षानुवर्षांचा वेगळा: वजन आटोक्यात ठेवायला अशा गोडव्यांवर भिस्त ठेवू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सुचवलं.

साखरही साधीभोळी नाही. तिच्या रेणूत अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. फ्रुक्टोज दुसऱ्याच वाहकातून जातं आणि इन्शुलिनला फारसं हलवत नाही, म्हणून तृप्तीचा निरोपही फिका पडतो.

येल विद्यापीठाच्या २०२० च्या प्रयोगाकडे इंदुरी माणसानं जरा जास्त लक्ष द्यावं. निरोगी तरुणांना १० दिवसांत सात पेयं दिली. नुसत्या सुक्रालोजनं काही बिघडलं नाही, नुसत्या साखरेनंही नाही. सुक्रालोजसोबत गोड न लागणारं पिष्टजन्य माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलं, तेव्हा मात्र शरीराची इन्शुलिनला मिळणारी दाद कमी झाली. आणि इंदूरची न्याहारी म्हणजे वाफेवरचे पोहे, वर मूठभर शेव, आणि हल्ली शेजारी बिनसाखरेचा गोड चहा.