सौताड्याला जाताना

सहल म्हटली की आपल्याला महाबळेश्वरच आठवते. जामखेडहून बीडच्या रस्त्याला लागले की जवळच असलेले सौताडा मात्र राहून जाते. इथे विंचरणा नदी कड्यावरून खोल दरीत कोसळते. खाली रामेश्वराचे मंदिर आहे. धबधबा पावसाळी, तेव्हा श्रावण-भाद्रपदात जावे. पायऱ्या निसरड्या असतात, चपला टाळाव्यात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर बालाघाटाच्या पठारावर पाऊस झालेला असू शकतो. पाणी गढूळ होऊ लागले की मुलांना घेऊन ताबडतोब बाहेर या. फोटो पुढच्या खेपेलाही काढता येईल!

दुपारी खर्ड्याचा भुईकोट पाहा. १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवले ते याच परिसरात.