जामसांवलीला पायी जायचंय? रस्ता आधी ठरवा!

गेल्या हिवाळ्यात बाबा म्हणाले, "मले एकदा पायी जामसांवलीले जायचं हाये." वय ६८, अँजिओप्लास्टीला दोन वर्षं झालेली. डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला परवानगी दिली, पण आईचा जीव काही थाऱ्यावर नव्हता. मी लॅपटॉप उघडून मॅपवर रस्ते पाहू लागलो.

पर्याय दोन. एक, नागपूर-सावनेर-सौंसर हायवे: सरळ, नेटवर्क चांगलं, पण दिवसभर ट्रकची वर्दळ. दुसरा, पांढुर्ण्याहून सौंसरकडे: संत्र्याच्या बागा, कपाशीची शेतं आणि अंतरही बरंच कमी. दवाखाने जास्त म्हणून मी हायवेवर अडून बसलो होतो.

ऑफिसमधला एक सहकारी स्पेनमधली सांतियागोची पदयात्रा करून आला होता. तिथे बास्क प्रदेशात यात्रेकरूंना असंच ठरवावं लागतं: इरूनहून समुद्राकाठाने बिल्बाओकडे जायचं, की सान आद्रियानच्या डोंगरातल्या बोगद्यातून आतल्या वाटेने? समुद्राची वाट देखणी, पण चढउतार दमवणारे. तो म्हणाला, "बरोबर जो सगळ्यात हळू चालतो, त्याला विचारून वाट निवड."

बाबांना विचारलं. ते हसले, "जामसांवलीले जायचं अन् सावली सोडून हायवेनं?"

पांढुर्णा ठरलं. दोन दिवस, पहाटे निघायचं, उन्हं चढली की थांबायचं, मागे भावाची गाडी. एका बागेत मालकाने ओंजळभर संत्री दिली. बाबा लहानपणी आजीबरोबर याच वाटेने बैलगाडीतून आले होते, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. मॅपवर हे कुठे दिसणार होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. मी गाडीत बसवलं. वाटलं, नाराज होतील. ते म्हणाले, "मारुती तिथं निजला हाये, आपण काऊन धावायचं?" पिंपळाखालच्या निद्रिस्त मारुतीपर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र ते चालूनच गेले. आईला फोन त्यांनी स्वतः लावला.

तुम्हीही घरच्यांना घेऊन जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारी बरा. चैत्रातल्या हनुमान जयंतीला ऊन कडक असतं. मंगळवार-शनिवारी गर्दी असते. पांढुर्णा नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर आहे आणि सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर, त्यामुळे एकीकडून जाऊन दुसरीकडून परतता येतं. मागे एक गाडी ठेवाच, आणि तिच्यात बसण्यात कमीपणा मानू नका.