नसलेली सेटिंग पुसताना

प्रोग्रामच्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या ‘गिट’ला नसलेली सेटिंग काढायला सांगितली, तर पडद्यावर काहीच उमटत नाही, आज्ञा मात्र शून्याऐवजी ५ हा संकेतांक परत करते. शून्य म्हणजे काम झाले, दुसरा कोणताही आकडा म्हणजे झाले नाही. पहिल्याच अपयशाला थांबायला सांगितलेली स्क्रिप्ट मग तिथेच थांबते, आणि का थांबली याचा मागमूस राहत नाही.

आक्षेप असा, की सेटिंग नको होती आणि ती नाहीच. मग हे अपयश कसले? युक्तिवाद पटण्याजोगा आहे, पण अपुरा. गिटच्या सेटिंग्ज मुख्यतः तीन स्तरांवर असतात: संपूर्ण यंत्राच्या, वापरकर्त्याच्या आणि प्रकल्पाच्या. स्तर न सांगता काढायला सांगितले, तर गिट फक्त प्रकल्पाच्या फाइलीत शोधते. वापरकर्त्याच्या स्तरावर नोंदवलेला ईमेल पत्ता तसाच लागू राहतो. अशा वेळी ‘झाले’ म्हणणे ही दिशाभूलच. म्हणून अपयश कळवणे योग्य आहे.

खरी उणीव वेगळीच आहे. एकाच नावाच्या अनेक नोंदी सापडल्या, तरी गिट ५ हाच आकडा देते; तेव्हा निदान इशारा तरी छापते. एका प्रसंगी काहीच नाही, दुसऱ्या प्रसंगी हवे त्याहून जास्त आहे, आणि स्क्रिप्टला दोन्ही सारखेच दिसतात. ५ कडे सरसकट काणाडोळा केला, की दुसरी अडचणही झाकली जाते. या दोन स्थितींना स्वतंत्र आकडे हवेत आणि नसलेल्या नोंदीबद्दल एक स्पष्ट ओळ हवी. तोवर स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने नोंद आहे का हे आधी विचारावे, मगच पुसावे.